कोच टॅकेटनी भांडी घासली तो गुरुवार

एकोणीस वर्षं मी आमच्या कॉलेजातल्या फुटबॉलच्या पोरांचे कपडे धुते आहे. गवताचा डाग कशाने जातो आणि रक्ताचा कशाने, हे मला विचारा. खेळातलं काही विचारू नका, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते सगळ्यांनी ऐकलं, रॉइस टॅकेट सोडून.

टॅकेट लाइनचे कोच. आमच्याकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याचं आणि चेंडू लांब फेकणाऱ्याचं नाव पेपरात येतं. त्यांच्यापुढे पाच दांडगी पोरं एक हात जमिनीवर टेकून वाकून उभी असतात, ती लाइन. कामं दोनच. पळायचा डाव असेल तर समोरच्यांना रेटून वाट करून द्यायची. फेकायचा असेल तर मागे सरून फेकणाऱ्याभोवती भिंत धरायची. पाचातला मधला तेवढा चेंडू मागे देतो, बाकीच्यांच्या हाताला चार-चार वर्षं तो लागत नाही. चुकलं तरच लोकांना त्यांचं नाव कळतं.

टॅकेट स्वतः असेच एक. वडील कोळशाच्या खाणीत, केंटकीच्या डोंगरातलं घर, सात भावंडं. याच कॉलेजात लाइनमध्ये खेळले, तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. मग काही वर्षं टायरच्या दुकानात काढली, नंतर बावीस वर्षं इथे. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. चर्चमध्ये रविवारी दानाची थाळी फिरवायचे आणि स्तोत्रं इतकी बेसूर म्हणायचे, की त्यांची बायको लव्हर्न मुद्दाम दोन बाकं सोडून बसायची.

शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. सरावाला पोरांना बुटक्या लोखंडी मांडवाखालून वाकून धावायला लावायचे, म्हणजे कुणी ताठ होणार नाही. आणि पाचही जण सज्ज झाले, की कोच त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. डोळे मिटून ऐकायचे. पाच पावलं पडली पाहिजेत आणि आवाज एकच आला पाहिजे. दोन आवाज आले की न वळताच म्हणायचे, "टोबायस, तू आमच्याबरोबर येतोयस का मागाहून बस पकडणार आहेस?" आणि तो टोबायसच असायचा. हे त्यांना कसं कळतं, याचं मला फार नवल वाटायचं. मी टॉवेलची गाडी घेऊन उगाचच मैदानाकडून जायचे.

त्या वर्षी आमचं कॉलेज वरच्या गटात गेलं. खालच्या गटात आमची लाइन कुणालाही रेटत न्यायची. वरच्या गटात पहिले तिन्ही सामने हरलो आणि चेंडू फेकणारा पोरगा तीन सामन्यांत नऊ वेळा आडवा झाला. गावात दुसरा विषय नव्हता. पोस्टातली बाई तिकिटं देता देता मला म्हणाली, "तिकडच्यांची पोरं तीस-तीस पौंडांनी जड आहेत हो. आपली कशी ढकलणार?" मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "टॅकेटनासुद्धा कळेनासं झालंय असं म्हणतात."

मंगळवारी दुपारी कोच धुलाईच्या खोलीत आले. उलटी बादली ओढून ड्रायरपाशी बसले. मांडीवर टॅबलेट, त्यावर हरलेल्या सामन्यांचं चित्रण.

"मिस वत्सू, जरा या इकडे."

"कोच, माझे ऐंशी टॉवेल आहेत."

"टॉवेल कुठे पळून जात नाहीत. मी मात्र सोमवारी इथे नसेन, म्हणून म्हणतो."

मी थांबले. नवे हेड कोच एल्सवर्थ, वय अडतीस, त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. या शनिवारी लाइन टिकली नाही, तर सोमवारपासून लाइन दुसऱ्याच्या हाती. टॅकेटनी हवं तर निवृत्तीचा केक कापावा. केकचं एल्सवर्थ बोलले नसतील, ते टॅकेटनी आपल्या मनाचं घातलं असावं.

"ते जड आहेत, ते मला माहीत आहे," कोच म्हणाले. "जडांना रेटायचं कसं, तेही माहीत आहे. पण त्यांना आधी कळतं. आपण पळणार की फेकणार, चेंडू हलायच्या आत त्यांना कळतं. खुणा बदलल्या, शब्द बदलले. मी शंभर वेळा बघितलं, मला दिसत नाही."

"मग मला काय दिसणार?"

"तुम्हाला खेळ कळत नाही ना? म्हणून तर."

मी शेजारी खुर्ची घेतली. त्यांनी डाव लावला, थांबवला, पुढचा लावला. मला चेंडू कुठे जातो ते आजही नीट दिसत नाही, त्यामुळे मी तो शोधलाच नाही. दिवसभर मी बाह्या बघते, गुडघे बघते, हातमोजे बघते. तेच बघत बसले. दहा-बारा डाव झाल्यावर म्हटलं, "मागचा पुन्हा लावा."

"काय?"

"हा कडेचा. टोबायस ना? याचा हात बघा जमिनीवरचा. बोटं कशी रुतलीत, नखं पांढरी पडलीत. आता त्याच्या आधीचा लावा. इथे बोटं नुसती टेकलीत, जशी गरम तव्याला लावावीत तशी."

कोचनी लावला. मग त्याच्या आधीचा. मग शेजारच्या कॉर्डेलचा. हात रुतला की पळण्याचा डाव, नुसता टेकला की फेकण्याचा. पाचांपैकी चौघांचं तसंच होतं. पुढे झेपावायचं तर भार हातावर, मागे सरायचं तर भार टाचांवर. समोर तीन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला हे फलकावर लिहिल्यासारखं दिसणार.

ड्रायर थांबला तरी ते उठले नाहीत.

"भार हातावर टाका, असं कुणी शिकवलं त्यांना?" मी सहज विचारलं. विचारायला नको होतं.

"मी," कोच म्हणाले. "बावीस वर्षं. आणि पाठ करून उभा राहिलो."

खालच्या गटात कुणी इतकं निरखून बघितलंच नव्हतं, बघायची गरजही पडली नव्हती. बुधवारी सरावाला कोच पोरांकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा पोरं बावरली. टोबायस माझ्याकडे टॉवेल घ्यायला आला, म्हणाला, "मिस वत्सू, कोच आजारी आहेत का? आमच्याकडे बघतायत."

गुरुवारी संध्याकाळी लाइनची पोरं टॅकेटांच्या घरी जेवायची, हा रिवाज कोचइतकाच जुना. मोठ्या पातेल्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, मक्याचा पाव, कच्चा कांदा. लव्हर्न माझ्यासाठी डुकराचं मांस न घालता वेगळं पातेलं ठेवायची आणि मला बोलवायची. जेवण झालं की त्या आठवड्यात ज्याची चूक सगळ्यात महागात पडली, त्याने उठून सगळ्यांची भांडी घासायची. नाव कुणी घ्यायचं नाही. ज्याचं त्याला माहीत असतं, तो आपणहून उठतो. मागच्या दोन गुरुवारी टोबायस उठला होता.

त्या दिवशीही त्याने खुर्ची मागे सरकवली. इतक्यात कोच उठले, बाह्या वर केल्या आणि मोरीपाशी जाऊन नळ सोडला.

कॉर्डेल म्हणाला, "कोच, गुडघा दुखेल तुमचा. बसा ना."

"तू पाव खा."

"अहो, पण तुम्ही काय केलंत?"

कोचनी आमच्याकडे पाठ असतानाच सांगितलं. हाताचं, नखांचं, बावीस वर्षांचं. "तुमच्या समोरच्यांना मी दर वेळी चिठ्ठी पाठवत होतो, आणि टोबायसला वाटलं चूक त्याची आहे." पातेलं घासायला त्यांनी फार वेळ लावला. लव्हर्न फडकं घेऊन उठली होती, ती पुन्हा खाली बसली.

टोबायसचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "म्हणजे माझी दोन आठवड्यांची भांडी तुमच्याकडे उधार."

सगळे हसले, कोचसुद्धा. मग खरी चर्चा सुरू झाली.

"दोन दिवसांत हाताची सवय जात नाही," कोच म्हणाले.

"मग प्रत्येक वेळी रुतवूनच टेकू," कॉर्डेल म्हणाला. "पळायचं असो की मागे सरायचं असो."

"मागे सरायला उशीर होईल. मार पडेल तुम्हाला."

"पडू दे," टोबायस म्हणाला. "चिठ्ठी वाचून मारतात त्यापेक्षा बरं."

मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या खेळाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मला आणखी ऐकावंसं वाटत होतं.

शनिवारी मी कोरडे टॉवेल घेऊन मैदानाच्या कडेला उभी होते. समोरची पोरं खरोखरच प्रचंड होती. सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या तीन भागांत आमच्या पोरांना मार पडला. सहा वेळा ती मागे रेटली गेली, कॉर्डेलचं नाक फुटलं. पण फेकणारा पोरगा एकदाच आडवा झाला. समोरचे खाली हातांकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि क्षणभर थबकायचे. त्या क्षणात आमच्या पाचांची पावलं पडायची. तो आवाज मला टॉवेलच्या गाडीपाशी ऐकू येत होता.

सात मिनिटं राहिली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि चेंडू आमच्याकडे. चेंडू सोडला नाही तर सामना आमचा. एल्सवर्थांना फेकायचं होतं.

"पळू या," टॅकेट म्हणाले.

"रॉइस, आपण पळणार हे त्यांनाही कळतंय."

"कळू दे. दमलेत ते. माझ्या पोरांना विचारा."

एल्सवर्थांनी लाइनकडे बघितलं. टोबायस कमरेवर हात ठेवून उभा होता, तो नुसती मान हलवून हो म्हणाला.

मग एकाच डावाची अकरा आवर्तनं झाली. उजवीकडून पळणं, पुन्हा उजवीकडून पळणं. समोरचे ओरडून एकमेकांना सांगत होते कुठे येणार ते, आणि तरी चार-चार, पाच-पाच वार मागे जात होते. मी रामरक्षा म्हणत होते आणि एका ओळीवर तीनदा अडकले. चार डावांत दहा वार पुढे गेलं नाही तर चेंडू समोरच्यांना जातो, आणि एकदा एक वार कमी पडला असता. तेव्हा पाचही जण समोरच्यांच्या छातीत डोकं घालून जागच्या जागी पाय मारत राहिले, आणि मग तो सगळा ढीग हळूहळू पुढे सरकला. घड्याळ संपलं तेव्हा चेंडू आमच्याकडेच होता.

पोरं आडवीतिडवी पडली होती. लोक मैदानात धावत होते, ते पळणाऱ्या पोराला खांद्यावर घ्यायला.

एल्सवर्थ टॅकेटांपाशी आले. हात पुढे केला. "सोमवारी आठ वाजता बैठक आहे. लाइनचं तुम्ही बोला."

टॅकेटनी हात मिळवला. "बोलतो. पण ते अकरा डाव दाखवणार नाही, ते सगळ्यांनी बघितलेत. सहा वेळा मागे गेलो ते दाखवीन. पुढच्या शनिवारचे याहून जड आहेत."

एल्सवर्थ म्हणाले, "आज तरी जरा आनंद माना."

"मानतोय की," टॅकेट म्हणाले, आणि कॉर्डेलच्या नाकासाठी माझ्या गाडीतला टॉवेल घेऊन लंगडत आत गेले.