लोधिवलीच्या बंगल्यातली चांदीची पिन

माझी आई खोपोलीत बंगल्यांवर धुणीभांडी करायची. कुठल्याही घरात काही हरवलं की पहिली झडती तिच्या पिशवीची. वस्तू मग सोफ्याखाली सापडायची. सॉरी कुणी म्हणायचं नाही. त्या पैशांतून मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. आज पुरातत्त्व खात्यात नोकरी करते. जुन्या वस्तू ओळखायच्या आणि त्यांची नोंद करायची, हे माझं काम.

तर लोधिवलीच्या एका फार्महाऊसचा व्हरांडा. टेबलावर दुमडलेली चांदीची तार. एका बाजूला बंगल्याचे मालक, दुसऱ्या बाजूला तिथे बागकाम करणाऱ्या, ठाकूरवाडीच्या हिराबाई. मधे हवालदार. गेटवरच्या झडतीत हिराबाईंच्या कमरेच्या चंचीत तार सापडली आणि मालकांनी चोरीची तक्रार दिली. तारेवर अक्षरं दिसली म्हणून हवालदारांनी आम्हाला फोन केला.

"माझ्या आईची हेअरपिन आहे," मालक म्हणाले.

"आंब्याच्या खड्ड्यात घावली, ताई," हिराबाई म्हणाल्या. "पोरीच्या केसांना लावीन म्हटलं."

मी भिंगातून पाहिलं. तार ठोकून चपटी केलेली, वर फारसी अक्षरांचा छाप. फोटो ऑफिसातल्या साहेबांना पाठवला. लगेच फोन आला.

"हेअरपिन कशाला पाठवलीस?"

"सर, झूम करा."

फोटो मोठा करताच ते ओरडले, "अगं, ही तर लारी!"

लारी म्हणजे तारेचं नाणं. आदिलशाहीच्या काळात कोकणच्या बंदरांत चालायचं. नाणं म्हणजे गोलच, असं आपणच धरून बसतो. चांदी खरी आहे का बघायला तेव्हाचे सराफ त्यावर चीर मारायचे. या लारीवर दोन चिरा होत्या. एक काळी पडलेली, एक चकचकीत.

"ही ताजी कुणी मारली?"

"चौक गावच्या सोनाराने," मालक म्हणाले. "तक्रार देण्याआधी चांदी आहे का, खात्री केली."

हवालदार हसले. "आईची पिन, आन चांदीची हाय का ते म्हाईत नव्हतं?"

मी मालकांना सांगितलं, "ही पिन नाही. जुनं नाणं आहे, दुर्मीळ."

मालक खुर्चीतून उठलेच. "मग माझ्याच जमिनीतलं! खड्डा मीच खणायला सांगितला होता!"

"मंग आईच्या पिनची चोरी कसली, शेठ?" हवालदार म्हणाले.

मालकांचं ते खड्ड्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मालकांनी खाली झोकात सही केली. त्यानंतर मी कायदा सांगितला: जमिनीत सापडलेलं जुनं नाणं आधी कलेक्टरकडे जातं. मालक म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?"

आधी कुणी विचारलं नव्हतं.

वस्तू कुठून आली, हे माणूस तिची किंमत कळल्यावरच खरं सांगतो, एवढं मी या नोकरीत शिकले.

लारी सरकारजमा झाली. चोरीची तक्रार त्याच दुपारी मागे घेतली गेली. आमच्या नोंदीत शोधणाऱ्याच्या जागी हिराबाईंचं पूर्ण नाव आहे. ते मी लिहिलं.