रबरवाले मामा

मीरा रोड स्टेशनपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत अशी वीतभर जागा शिल्लक नाही, जिथे माझ्या बायकोच्या मामांमुळे मला शरमेनं मान खाली घालावी लागलेली नाही. डॉक्टरांनी माझ्या मानेचा एक्स-रे पाहून विचारलं, "कॉम्प्युटरवर फार बसता का?" मी म्हटलं, "नाही हो, मामेसासरे आहेत."

माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाबद्दल वाकडा शब्द नाही. वेड एकच, रबर. खोडरबर नव्हे आणि टायरही नव्हे. गाडीच्या दाराला आणि काचेला कडेनं जी काळी पट्टी असते, जिच्यामुळे पाणी, धूळ आणि वारा बाहेर राहतात, ती. आपण सगळे जन्मभर गाडीत चढतो-उतरतो, पण त्या पट्टीकडे निरखून बघणारा माणूस अख्ख्या देशात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत जन्माला आला.

मामांची गाडी जुनी. एकेकाळी मुंबईत ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावायच्या, त्याच घाटाची. फक्त हिचा रंग आकाशी. गिरगावातली खोली विकून मामा मीरा रोडला आले तेव्हा भांडीकुंडी टेम्पोत उघड्यावर आली आणि गाडी ताडपत्री पांघरून मागून आली. इंजिन, ब्रेक, पत्रा यांची त्यांना फारशी फिकीर नव्हती. "जावईबापू, पत्रा म्हणजे हाडं. हाडं टिकतात. आधी सुकतात ते ओठ," असं म्हणून ते दाराच्या कडेवरून असं बोट फिरवायचे, की बघणाऱ्यानं दुसरीकडे तोंड वळवावं.

काशीमिऱ्याच्या गॅरेजवाल्यानं एकदा सरळ सांगितलं, "अंकल, नया रबर डाल देता हूं. आधे घंटे का काम है." मामा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्हारे घर में मां बूढी हो गई तो नई डालते है क्या?" गॅरेजमधले सगळे पाने हातातले हातात थांबले. मी बाजूच्या ट्रकचा नंबर पाठ करायला घेतला. तो आजही पाठ आहे.

तर मामा नवीन रबर घेत नाहीत, जुन्याला माणसात आणतात. आधी पट्टी अलगद सोडवायची. मग कोमट पाण्यात साबण घालून तिला न्हाऊ घालायचं, मऊ ब्रशनं भेगांतली माती काढायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवणाऱ्याला मामा माणसांत धरत नाहीत. त्यानंतर ग्लिसरीन. रोज, बोटांनी, एखाद्या आजाऱ्याचे पाय चेपावेत तसं. "तेल चालणार नाही," हे ते दारात आलेल्या कुरिअरवाल्यालासुद्धा सांगतात. "रबराला तेल म्हणजे विष. आधी फुगतं, मग रुसतं, मग चिकटतं." घरातलं सगळं ग्लिसरीन या कामी खर्च होतं. मामी म्हणतात, "माझ्या टाचांना भेगा पडल्या तेव्हा ह्यांनी बाटली कपाटात कुलपात ठेवली. म्हणाले, तू मोजे घाल."

या पट्ट्या वाळत घालायची जागा म्हणजे गॅलरीतली कपड्यांची दोरी. पहिल्यांदा त्या लोंबताना पाहिल्या तेव्हा वॉचमन काठी घेऊन वर आला. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी वर बघून विचारलं, "भाईसाब, ये सुखाने के वास्ते है के पालने के वास्ते?" मी त्या दिवशी पाहुणा म्हणून गेलो होतो. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं तेव्हा, मी मीटर बघायला आलोय, असं सांगून उतरलो.

पण वेड स्वतःच्या गाडीपुरतं राहील ते मामांचं कसलं? त्यांच्या विंगमधले एक वयस्कर गृहस्थ गेले. शववाहिनी आली. मामांनी खांदा दिला, डोळे पुसले, सगळं रीतीनं केलं. आता हे घरी जातील म्हणून मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोच मामांनी शववाहिनीच्या मागच्या दारावर नख दाबलं आणि ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "रबर गया है. धूल अंदर आती होगी." ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "अंकल, अंदरवाले ने आज तक कंप्लेंट नहीं किया." मयताच्या घरचे माझ्याकडे बघत होते, कारण माझ्या तोंडातून हसू फुटलं होतं. मामांनी केलं आणि बदनाम मी झालो.

माझ्या मुलीचं, सईचं लग्न ठरवायला आम्ही भाईंदर वेस्टला मुलाकडे गेलो, तेव्हा मी मामांना खिसे रिकामे करायला लावले होते. झडतीत ग्लिसरीनची बाटली निघाली, ती मी जप्त केली. पण कागदाचं काय करणार? मामा पाणी प्यायला म्हणून आत गेले ते येईचनात. मी डोकावलो तर त्यांनी विहीणबाईंच्या फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवली होती. ही मामांची परीक्षा. दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडखळत आला तर रबर जिवंत, सुळकन निसटला तर गेलं. कागद सुळकन निसटला. मामा बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाले, "विहीणबाई, तुमचं दार खोटं बोलतंय. बंद आहे म्हणतं, पण नाही. आणि खालच्या कोपऱ्यात चिकटतंय. चिकटलं की ओढायचं नाही, पावडर द्यायची. साधी, तोंडाला लावतो ती."

विहीणबाईंच्या हातातली पोह्यांची बशी थांबली. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजायला लागलो. तरीही लग्न ठरलं, याचं श्रेय मी सईला आणि देवाला देतो.

आता मुख्य संकट. आपल्याकडे मंगलाष्टकांच्या आधी भटजी पुकारा करतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" माझ्या बायकोला भाऊ नाही, त्यामुळे सईचे मामाही हेच. आईचे मामा, मुलीचे मामा, दोन पिढ्यांची एकच व्यवस्था. मामांनी जाहीर केलं, "मुलीला मामा आणतो. शास्त्रच आहे. मी तिला घरापासून हॉलपर्यंत माझ्या गाडीतून आणणार." मी गुपचूप पांढरी लांबलचक गाडी फुलांसकट ठरवून ठेवली होती. मुलाकडची माणसं हॉलच्या दारात उभी असताना ती आकाशी पेटी खोकत येणार, या विचारानं माझी भूक गेली. पण सई म्हणाली, "बाबा, मामाआजोबांच्याच गाडीतून. नाहीतर रिक्षानं येईन." पांढऱ्या गाडीला मी पाठवणीपुरतं ठेवलं.

मामांनी कामाला असा हात घातला, की जणू गाडीचंच लग्न होतं. चारी दारांचं रबर निघालं, न्हालं, वाळलं, ग्लिसरीन प्यालं आणि श्रीखंडाच्या लाकडी चमच्यानं खाचेत दाबून पुन्हा बसलं. मग परीक्षा. रविवारी सकाळी, सोसायटीचे सगळे सभासद खाली असताना, मामांनी मला गाडीत बसवलं, मांडीवर कोरडं वर्तमानपत्र ठेवलं आणि बाहेरून पाइपानं पाणी सोडलं. काचेपलीकडे पोरं नाचत होती. "काका को धो रहे है!" मी त्या वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. पण खरं सांगतो, कागदावर एक थेंब पडला नाही.

मग ते मला घेऊन घोडबंदर रोडला वरसाव्यापर्यंत गेले. दोन्ही बाजूंनी ट्रक, धूळ, हॉर्न. मामांनी काचा वर केल्या आणि म्हणाले, "ऐका."

"काय?"

"काही नाही. तेच ऐका."

सगळा हायवे जणू शेजारच्या घरात गेला होता. त्या म्हाताऱ्या गाडीत इतकं शांत वाटत होतं, की मी मामांकडे अभिमानानं बघणार होतो. थोडक्यात वाचलो.

हळदीच्या दिवशी गाडी खाली सजून उभी होती. माझी मोठी बहीण, सईची आत्या, उष्टी हळद घेऊन फिरत होती. तिनं वाटीत खोबरेल ओतलं, हळद कालवली आणि म्हणाली, "लग्नाची गाडी ती! तिला नको का हळद लागायला? मामा रोज काहीतरी चोळत असतातच, आज माझ्या हातचं." आणि तिनं चारी दारांच्या रबरांना सढळ हातानं तेल-हळद लावली. मामा वर जेवत होते. तेल म्हणजे विष, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ऐकूच येत नव्हतं. मी बाजूला उभं राहून तिचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मे महिन्याचं ऊन. मुहूर्ताच्या घाईत मामांचं रबरावर बोट फिरवायचं नेमकं राहून गेलं. आम्ही आधीच हॉलवर पोचलो होतो. आकाशी गाडी अजिबात न खोकता, ऐटीत दारात येऊन थांबली. मुलाकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दार उघडेना. एकही नाही. ऊन आणि तेल मिळून रबर जे फुगलं होतं, ते पत्र्याला मुंगळ्यासारखं चिकटलं होतं. काचा चार बोटं खाली येऊन अडकल्या. आत नवरी घामानं भिजलेली, पुढे मामा फेट्यात, आणि हॉलमधून भटजी माइकवर, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" फटीतून मामा ओरडले, "आणलंय हो! बाहेर कसं काढू?" मी जोर लावला, तर दाराची मूठ माझ्या हातात आली. मुहूर्त टळतोय की काय या भीतीनं बायको रडायला लागली.

"सरका," मागून आवाज आला. विहीणबाई. त्यांनी पर्समधून तोंडाला लावायची पावडर काढली, लग्नपत्रिकेचा कडक कागद घेतला, त्यावर पावडर घेऊन तो दाराच्या फटीतून शांतपणे वरून खाली सरकवत नेला. "ओढायचं नाही," त्या मला म्हणाल्या, "पावडर द्यायची. तुमच्याच मामांनी सांगितलंय. आमचा फ्रिज आता खरं बोलतो, मामा." आणि दार, पाकातून जिलबी सुटावी तसं, सुटलं.

सगळे हसले. मामा नाही हसले. उतरून त्यांनी रबरावर बोट फिरवलं. बोट काळं आणि पिवळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं, आणि मग माझ्या बहिणीकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. मामांनी बोट रुमालाला पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ करा मंडळी. माझंच काम कच्चं राहिलं. वय झालं." खिशात माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. मी तोंड उघडलं नाही. शालूला डाग लागू नये म्हणून मामा दोन्ही हात अंगापासून लांब धरून मंडपात चालले, आणि सईच त्यांच्या कोपराला धरून त्यांना घेऊन गेली. त्यांच्यामुळे मी आयुष्यभर मान खाली घातली, पण त्या दिवशी मान खाली गेली ती माझ्या स्वतःच्या वजनानं.

त्यानंतर मामांनी गाडीवर ताडपत्री घातली ती काढलीच नाही. दोरीवर आता नुसते कपडे. मामी म्हणाल्या, "ग्लिसरीनची बाटली मला देऊन टाकलीन. टाचा बऱ्या झाल्या, पण घर सुकलं." आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, फ्रिजकडे बघायचेसुद्धा नाहीत. काय सांगू, मला त्यांची लाज वाटेनाशी झाली आणि त्याचीच लाज वाटायला लागली.

परवा मी आमच्या फ्रिजच्या दारात कागद घातला आणि ओढला. रबर ठणठणीत. कागद मधोमध फाटला, अर्धा हातात, अर्धा दारात. मी तो अर्धा हातात धरूनच मामांना फोन लावला. "मामा, आमचं दार खोटं बोलायला लागलंय. कागद सुळकन निसटतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कागद कुठला? वर्तमानपत्राचा? त्याचा भरवसा नाही. थांबा, येतो."

आले. मी दारातला तुकडा काढायचा विसरलो होतो. मामांनी फ्रिज उघडला, तुकडा खाली पडला. त्यांनी तो उचलला, फाटलेली कड निरखली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुकडा नीट घडी करून खिशात ठेवला. मग सबंध रबरावरून बोट फिरवलं.

"हं," मामा म्हणाले. "गेलंय खरं. काढावं लागेल. जावईबापू, पाणी कोमट करा."