दादाच्या दोनशे बारा ओळी

आमच्या जिन्यात त्याला सगळे घुम्या म्हणतात. तोंडावर म्हणतात, तरी तो वळून बघत नाही. वाचनालयात कारकून आहे. बोलायचं नाही अशा जागी पगार घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पंधरा वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, पुस्तकांची देवघेव नोंदवणारा एक प्रोग्राम लिहिला आणि इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. सोबत एकच वाक्य: ‘कुणीही वापरा, मजा करा.’ वाक्य अर्थातच दादाचं. घुम्याचा आणि मजेचा काय संबंध?

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. घुम्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. वहिनीने ते मनाला लावून घेतलं, बोलणं तुटलं. याला ते तुटलेलं तरी कळलं की नाही, देव जाणे.

मग गेल्या सोमवारी एका शिक्षणसंस्थेच्या वकिलीणबाईंचं पत्र आलं. चाळीस शाळांत हा प्रोग्राम बसवायचा होता. पण ‘मजा करा’ म्हणजे परवाना नव्हे. फुकट ठेवलं तरी हक्क लिहिणाऱ्यांचाच राहतो, आणि लिहिणारे दोघे. दादाचा हक्क आता वहिनीकडे. शुक्रवारपर्यंत तिची लेखी संमती आणा, नाहीतर दादाच्या ओळी काढून नव्याने लिहा.

“ताई, काढून टाकतो,” घुम्या मला म्हणाला. दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगावं, तशा आवाजात.

“काढून टाकतोस? चल मुकाट्याने वहिनीकडे,” म्हटलं, आणि त्याला ओढतच नेलं. मला तिचं नवं घरही बघायचं होतंच.

वहिनीने दार उघडलं. “भाऊजी, दोन वर्षांत पायरी चढला नाहीत. आज कशी आठवण झाली?”

“सही हवी होती.”

मी त्याला चिमटा काढला. त्याला लागलाच नाही.

“आणि नाही दिली तर?”

“दादाच्या दोनशे बारा ओळी काढीन. मग त्याचं नावही निघेल.”

वहिनी खुर्चीत बसली. “काय लिहिलं होतं त्यांनी एवढं?”

घुम्याने लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपा लिहून ठेवतात, यंत्र त्या वाचत नाही. त्याने दादाच्या टिपा सपाट आवाजात वाचल्या. “‘हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नये.’ ‘इथे चूक आहे, पण ती धाकट्याची आहे.’ ‘बायको जेवायला हाक मारतेय, उरलेलं उद्या.’”

“चार हाका मारल्याशिवाय कधी उठले नाहीत,” वहिनी म्हणाली. हसली, आणि मग हसणं मध्येच थांबलं. “परवान्यात काय लिहिणार?”

“कुणीही वापरा, बदला, वाटा. फक्त लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत.”

“नाही पुसायची? म्हणजे कायद्याने?”

“कायद्याने.”

“मग द्या इकडे कागद.” सही करून ती म्हणाली, “तुम्ही रडला नाहीत, भाऊजी.”

“येतच नाही, वहिनी. वाट बघतोय.”

तिने उठून चहा टाकला. तिघांनी तो प्यायला. घर झकास आहे, फक्त पडदे भडक.

शुक्रवारी सकाळी घुम्याच्या टेबलाशी मी उभीच होते. ‘मजा करा’च्या जागी त्याने परवान्याचा मजकूर घातला, वर हक्काची ओळ, तिच्यात आधी दादाचं नाव. आता याचा बांध फुटणार म्हणून मी रुमाल काढून आणखी पुढे वाकले. तो नुसता लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत होता.

“ताई.”

“बोल रे बाबा, बोल.”

“तुमचं कोपर कीबोर्डवर आहे. दादाच्या नावापुढे सात ‘ज’ पडलेत.”

त्याने ते एकेक करून पुसले. सातवा पुसताना बोट थांबलं. मोजून, नावाला धक्का लागू न देता पुसला. मग पाठवून दिलं, आणि माझा रुमाल घेऊन चष्म्याच्या काचा पुसल्या. कोरड्याच होत्या.