मासोळीचे माहेरपण

वकीलकाका कुणापुढे वाकले, असे अमरावतीत कुणी पाहिले नव्हते. अशील असो वा व्याही, ते ताठ मानेनेच बोलत. बैठकीतल्या काचेच्या पेटीपुढे मात्र ते रोज सकाळी गुडघे टेकून बसत. त्या पेटीत एका नागपूरकर अशिलाने भेट दिलेल्या इवल्या रंगीत मासोळ्या होत्या. काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वकिली शिकण्यासाठी मी त्यांच्या घरी राहत असे, आणि त्यांचे ते गुडघ्यांवरचे रूप मला फार आवडे.

या मासोळ्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिले देतात. एकीचे पोट चौकोनी दिसू लागले, शेपटीकडचा काळा ठिपका गडद झाला, तशी काकांनी तिच्यासाठी वेगळी बरणी मांडली. विहिरीचे पाणी शिळे करून त्यात भरले. वडाळी तलावातले शेवाळ दाट सोडले; कारण आई स्वतःचीच पिले गिळते, त्यांना लपायला जागा हवी. तिला त्यांनी जाळीने उचलू दिले नाही. वाटी बुडवून, पाण्यासकट, अलगद नेली.

"शेवटच्या दिवसांत हलवली तर पिलं टाकते ती," ते मला म्हणाले. "आणायची तर आधी आणावी. धक्का लागू नये तिले."

मागे लागणारा नर मोठ्या पेटीतच राहिला. "जावईबापू, तुमी तिकडेच थांबा," असे त्याला बजावून काका खुदकन हसले.

आतून काकूंचा आवाज आला, "मासोळीचं माहेरपण करून राहिले. पोरीचं काहून नाही?"

काकांचे हसू तिथेच विरले.

त्यांची एकुलती एक लेक शांता अकोल्याला दिली होती. पहिलटकरीण. माहेरच्या माणसाने जाऊन तिला आणायचे, ही रीत. पण लग्नानंतर काका एकदा अकोल्याला गेले, तेव्हा व्याह्यांनी त्यांना ओसरीवर ताटकळत ठेवले होते.

"ज्या घरी मले कोणी बसा म्हटलं नाही, तिथं मी पुन्हा पाय ठेवत नाही," काका म्हणत. "पोचवून द्यावं त्यायनं."

व्याह्यांचा निरोप येई : बापाने स्वतः यावे. सातवा महिना सरला, आठवाही सरत आला. काका चण्याचे पीठ वस्त्रगाळ करून ठेवत होते, होणाऱ्या पिलांसाठी.

पिले झाली. डोळे आणि शेपटी, एवढीच दिसत. काकांनी आईला वाटीने तत्काळ मोठ्या पेटीत परत सोडले, एकही पिलू तिच्या तोंडी जाऊ दिले नाही. त्याच दिवशी काकूंनी ताट बाजूला सारले. "तुमी नका जाऊ. पण कोणाले तरी धाडा. तोवर मी जेवत नाही."

काकांनी मला धाडले. व्याहीही एव्हाना धास्तावले होते. त्यांनी निमूटपणे शांताला माझ्याबरोबर दिले. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे टांगा. वाटेत ती एकदाच बोलली, "दादा, टांगा हळू हाकायले सांग ना त्याले."

घर येण्याआधीच तिला वेणा सुरू झाल्या. मूल रडलेच नाही.

अंगात थोडी शक्ती आल्यावर एका सकाळी ती भिंतीला धरून बैठकीत आली. काका बरणीपुढे बसले होते. चिमटीतले पीठ पाण्यावर पसरत होते. ती बराच वेळ पिलांकडे पाहत राहिली.

"बाबा, यायच्या मायले केव्हा आणलं होतं बरणीत?"

काकांचा हात थांबला. "आधीच," ते म्हणाले. "वेळेवर."

ती आत गेली. बरी होताच अकोल्याला परतली. पुढे काका स्वतः तिला आणायला दोनदा गेले. व्याह्यांनी अदबीने पाट मांडला, बसा म्हटले. शांताच आतून बाहेर आली नाही.

काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांना दोष देण्याचा अधिकार मी स्वतःला देत नाही. तो ताठा त्याच रक्तातून माझ्यातही उतरला आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलीला बाळंतपणासाठी आणायला परतवाड्याला गेलो. सहावा महिना होता तिचा. "इतक्यात काय घाई होती?" विहीणबाई कडवटपणे म्हणाल्या. ओसरीवर खुर्ची रिकामी होती. बसा कुणी म्हटले नाही. माझे कान तापले, पाय दाराकडे वळू पाहू लागले.

मुलगी लुगडे सावरत बाहेर येईपर्यंत मी तिथे उभा राहिलो.