दुरुस्तीचा कागद

माझ्या स्मरणशक्तीवर आजवर कुणी शंका घेतलेली नव्हती. सत्तावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही हे मला कंप्युटर उघडायच्या आधी आठवायचं, आणि नवीन डॉक्टर मुलं त्यामुळे मला जरा टरकून असायची. रिटायर झाले तरी ती खोड गेलेली नाही. दहा वर्षांपूर्वी कुणाच्या डोहाळजेवणाला कुठली भाजी होती तेही मी सांगू शकते. आणि तरी एका वकिलाच्या ऑफिसात, शपथ घेऊन, मी "मला आठवत नाही" म्हणाले आणि समोरच्या कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. केस पांढरे असले की लोक किती पटकन विश्वास ठेवतात! त्याचा मला आजही राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

झालं ते असं. अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरच्या मराठी लोकांची दर उन्हाळ्यात सहल असते. सहल म्हणजे एका पार्कातली शेड बुक करायची, प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं आणि पुरुषांनी टेनिसच्या बॉलनं क्रिकेट खेळून दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसायचं. त्या वर्षी मक्याची कणसं भाजायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे ते मीच ओढवून घेतलं होतं, कारण दुसऱ्या कुणी भाजली की ती एका बाजूनं करपतात.

दुपारी झोपाळ्यांजवळच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. साठीच्या पुढचा, एकटाच, आणि कमरेला पिस्तूल. लपवलेलं वगैरे नाही, चांगलं सगळ्यांना दिसेल असं. मिशिगनमध्ये असं उघड पिस्तूल लावून फिरणं हा गुन्हा नाही. हे मला ठाऊक होतं, पण बातमीत वाचलेलं आपल्या मुलांच्या झोपाळ्यापाशी येऊन बसलं की ते ठाऊक असणं काही कामाला येत नाही. आयांनी पोरांना उचलून शेडमध्ये आणलं. क्रिकेट थांबलं. सगळ्यांच्या हातात फोन होते आणि फोन कुणीच करत नव्हतं.

का करत नव्हतं तेही मला माहीत होतं. कुणाचा एच-वन, कुणाचं ग्रीन कार्ड लटकलेलं, कुणी विद्यार्थी. पोलिसांच्या कागदावर आपलं नाव जायला नको, ही धास्ती आमच्याकडे लोक विमानातून उतरतानाच बरोबर घेऊन उतरतात. मग अशा कामांसाठी आमच्यासारखे जुने लोक असतात. सिटीकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, तक्रार करायची असो, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून पत्र लिहायचं असो, "काकू, तुम्ही सिटिझन आहात, तुम्ही करा ना." बघितलेलं एकानं असतं, त्रास दुसऱ्याला झालेला असतो, आणि खाली सही माझी. याची इतकी सवय झाली होती की त्यात काही चुकीचं आहे असं माझ्या डोक्यातही येत नसे.

त्या दिवशी धावत आली ती नागपूरची मुलगी. युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती आणि दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायची. माझी स्वतःची मुलं वर्षातून दोनदा येतात आणि मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देतात. ही ओट्याशी उभी राहून गरम पोळी हातावर घेऊन खायची आणि आठवडाभराचं सगळं सांगायची. तिच्यावर माझा जीव होता, उगाच कशाला लपवू.

"काकू, त्याचा हात गनवर आहे," ती म्हणाली. "प्लीज कॉल करा. पण माझं नाव नका सांगू हं. माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी आहे."

मी चिमटा खाली ठेवला आणि पोलिसांना नाइन-वन-वन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, तुम्ही स्वतः बघताय का? मी म्हटलं, हो, मी बघतेय, त्याचा हात गनवर आहे. बघत मी कणसांकडे होते.

पाच मिनिटांत पोलीस आला, तोवर मीही शेडच्या कडेला येऊन बघत होते. तरुण, आमच्या धाकट्याच्या वयाचा. त्यानं त्या माणसाला पालथं पाडलं, हात मागे पिरगाळून बेड्या घातल्या. तो माणूस "खांदा, माझा खांदा" असं ओरडत होता ते शेडपर्यंत ऐकू येत होतं. मग कागद तपासले गेले. पिस्तूल त्याच्या नावावर, सगळं कायदेशीर. वीस मिनिटांनी त्याला सोडून दिलं. तो एक हात दुसऱ्या हातानं धरून गाडीकडे गेला. लोक मला थँक यू म्हणाले आणि खरं सांगायचं तर मला त्या संध्याकाळी स्वतःचं कौतुकच वाटलं.

काही महिन्यांनी त्यानं त्या पोलिसावर आणि सिटीवर दावा लावला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मी कायद्यानं परवानगी असलेली वस्तू लावून बाकावर बसलो होतो, माझा हात पिस्तुलाजवळ गेलाच नव्हता, मग मला हात लावायचा अधिकार पोलिसांना दिला कुणी? त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. सिटीचे वकील म्हणत होते, नुसत्या पिस्तुलासाठी आम्ही त्याला धरलंच नाही, हात पिस्तुलावर आहे असा फोन आला म्हणून धरलं. म्हणजे सगळं येऊन थांबलं माझ्या एका वाक्यावर. मला साक्षीचं समन्स आलं.

"तुला कुणी सांगितलं होतं पुढे पुढे करायला?" नवरा म्हणाला. सहलीला आलेल्यांना मी एकेक करून फोन लावले. सगळ्यांनी काखा वर केल्या. कुणी म्हणे आम्ही तेव्हा बाथरूमला गेलो होतो, कुणी म्हणे आम्ही उशिरा आलो. सहलीतली भेळ मात्र सगळ्यांना आठवत होती.

नागपूरची मुलगी शनिवारी आली, पण पोळी ताटलीतच राहिली. "काकू, डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे. तेव्हाच मुंबईला स्टॅम्पिंग करून घेणार. तिथे विचारलं की कोर्ट केसमध्ये नाव कसं आलं, तर?"

"अगं, साक्षीदार असणं हा गुन्हा नाही," नवरा म्हणाला.

"मला माहितेय काका. पण व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाला माहीत असेल का? त्यानं व्हिसा नाही दिला तर मी परत येऊच शकत नाही. पाच वर्षांचं काम इथे लॅबमध्ये पडून राहील."

तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही, असं मी तिला सांगून टाकलं.

साक्ष कोर्टात नव्हती, वकिलाच्या ऑफिसात होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येक शब्द टाइप करणारी एक बाई. टेबलाच्या टोकाला तो माणूस आपल्या वकिलाशेजारी बसला होता. कोट घातला होता, पण कोटाची सवय नसलेला. माझी शपथ झाली, नाव, शिक्षण, नोकरी झाली. मग त्याच्या वकिलानं पार्कचा फोटो पुढे ठेवला. तुम्ही कुठे उभ्या होतात? मी शेगडी दाखवली. इथून बाक दिसतो? मध्ये स्वच्छतागृहाची भिंत होती. नाही, मी म्हटलं. मग हात तुम्ही पाहिला का? नाही. कुणीतरी मला सांगितलं.

"कुणी?"

टाइप करणारी बाई बोटं उचलून थांबली. सिटीच्या वकिलानं आधी फोनवर सांगून ठेवलं होतं की आठवत नसेल तर बिनधास्त आठवत नाही म्हणा. त्याला ते खरं वाटत होतं, त्याची चूक नाही.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

प्रश्न विचारणाऱ्या वकिलाचा आवाज एकदम मऊ झाला. पुरुष होता की बाई? मोठं कुणी की लहान? आठवत नाही, आठवत नाही. काही हरकत नाही मॅडम, थोडी विश्रांती घेऊ या का? माझ्या आईशीसुद्धा मी इतक्या कनवाळूपणे कधी बोलले नव्हते.

विश्रांतीसाठी सगळे उठले. तो माणूसही उठला, आणि उठताना त्यानं उजवा हात कमरेवर ठेवला. ताठ होईपर्यंत तो हात तसाच ठेवून थांबला, मग चालू लागला. मी रोज सकाळी पलंगावरून उठते तशीच. पिस्तूल त्या दिवशी नेमकं तिथे होतं. परत बसल्यावर मला बोलता आलं असतं. मी पाणी प्यायले आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली.

त्या शनिवारी मी तिला विचारलं, "खरं सांग. हात गनवर होता की कमरेवर?"

तिनं हातातली पोळी खाली ठेवली. "कमरेवर असेल, काकू. पण गन पण तिथेच होती ना. मी लांब होते. मी घाबरले होते."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. मी काहीच केलं नाही, तिला आणखी एक पोळी वाढली.

मग माझ्या साक्षीची टाइप केलेली प्रत घरी आली. सोबत एक वेगळा कागद होता, दुरुस्तीचा. लिहिण्यात काही चुकलं असेल तर साक्षीदारानं तीस दिवसांत कळवायचं. पान कितवं, ओळ कितवी, तिथे काय हवं, आणि शेवटचा रकाना, बदलाचं कारण. खाली सही. हे असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. नवऱ्यानं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "लिहून टाक. त्या बिचाऱ्याला एवढंच हवंय, की हात पिस्तुलावर नव्हता हे कुठेतरी लिहिलं जावं. ही मुलगी सोडून ते सांगणारं दुसरं कुणी नाही."

"ती जाऊन येऊ दे," मी म्हटलं. "तिचा शिक्का होऊ दे, मग लिहिते."

कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. ती मुंबईला गेली. दूध काढताना, भाजी ठेवताना तो कागद समोर यायचा. मी रोज दिवस मोजत होते आणि रोज स्वतःला बजावत होते की हे सगळं त्या पोरीसाठी चाललंय. थकवा आला होता मला त्याचा. जेवणाची चव गेली होती.

एक दिवस सकाळीच तिचा फोन आला. "काकू, झालं! पासपोर्ट पण हातात आला! दोन मिनिटं यार, फक्त रिसर्च टॉपिक विचारला!" मागे लग्नघरातला गोंधळ ऐकू येत होता. मला खरोखर आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं. चार दिवस शिल्लक होते.

मी कागद काढून टेबलाशी बसले. पहिली चूक सोपी होती. माझ्या नोकरीची वर्षं सदतीस लिहिली होती. मी ओळ शोधली, सत्तावीस केलं, कारणाच्या रकान्यात 'टायपिंगची चूक' असं लिहिलं. मग ते पान काढलं. पान मिळालं, ओळ मिळाली. 'आठवत नाही'च्या जागी काय लिहायचं तेही तयार होतं. शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. तिथे काय लिहू? शपथेवर खोटं बोलले, असं? त्याला इथे काय शिक्षा असते ते मी आधीच फोनवर शोधून ठेवलं होतं. या वयात मला वकील शोधावा लागेल, मुलांना सांगावं लागेल, गावात नाव खराब होईल. त्या पालथ्या पाडलेल्या माणसाचे मागे पिरगाळलेले हात मला दिसत होते, आणि ते माझे असल्यासारखे दिसत होते.

नवरा सिंकशी भांडी विसळत होता. त्यानं नळ बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केला. मी सही केली. सत्तावीसच्या त्या एकाच दुरुस्तीसह कागद पोस्टात टाकून आले.

निकाल वसंतात लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की हात पिस्तुलावर होता की नाही हे आता कळायला मार्ग नाही, कारण फोन करणाऱ्या वयस्कर बाईंना ते कुणी सांगितलं हे आठवत नाही. पण पोलिसाला तसं कळवलं गेलं होतं, आणि त्यानं त्या फोनवर विश्वास ठेवणं वाजवी होतं. दावा फेटाळला. नवऱ्यानं हे मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या पोलिसाची खरंच चूक नव्हती. त्या माणसाचीही नव्हती.

त्या शनिवारी ती आली ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "काकू, सुटलो आपण! तुम्ही माझ्यासाठी केवढी रिस्क घेतली, मी कधीच नाही विसरणार," असं म्हणत तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. शिक्का मिळाल्यानंतरचे चार दिवस तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हटलं.