उंबऱ्यामागे युरोप

आमच्या गावात कुठलाही खर्च उंबऱ्यामागे निघतो. देवळाला रंग द्यायचा असो, सप्ताहाचं जेवण असो, नाहीतर विहिरीचा गाळ काढायचा असो, एका उंबऱ्याला एक वाटा. घरात माणसं दोन आहेत की बारा, हे कुणी विचारत नाही. चूल एक तर वाटा एक. विरारला टॉवर उभे राहिले, वाड्यांमधल्या केळी जाऊन तिथे पार्किंग झालं, तरी ही पद्धत टिकून आहे. गावापुरती ती ठीकच आहे. पण ती उचलून थेट युरोपला नेण्याचा मान माझ्या थोरल्या भावाचा.

दादा गावकीचा खजिनदार आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या हाताला मोजायला काहीतरी लागतं. युरोपची टूम त्याच्या मुलाने काढली. टूर कंपनी नको, आपली आपण तिकिटं काढू, निम्म्यात होईल. रोम, पॅरिस, ॲमस्टरडॅम. रविवारी गावच्या घरी सगळे जमलो, तेव्हा दादाने चष्मा लावून जाहीर केलं, "खर्च उंबऱ्यामागे. तीन उंबरे, तीन वाटे."

पहिला उंबरा त्याचा. तो, वहिनी, मुलगा आणि सून. मुलगा-सून दोघंही कमावती, पण चूल एकच, म्हणून उंबरा एक. दुसरा धाकट्या भावाचा. तो, त्याची बायको आणि मुलगी. तिसरा उंबरा मी. बोळिंजला एका कॉम्प्लेक्समध्ये वन रूम किचनमध्ये एकटी राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई.

मला हसूच आलं. कारण वडील गेल्यावर वाडीची वाटणी झाली, तेव्हा हाच दादा, हाच चष्मा लावून, याच ओटीवर म्हणाला होता, "आपले उंबरे दोनच. तुझं वेगळं घर कुठे आहे?" तेव्हा मी गावच्या घरातच राहत होते. लग्न केलेलं नव्हतं, म्हणजे सासरचा उंबरा नाही, आणि माहेरचा तर भावांचा. हक्कसोडीच्या कागदावर माझी सही घेतली आणि वरून एक साडी दिली. पुढे शाळेच्या पगारावर कर्ज काढून मी बोळिंजचा फ्लॅट घेतला. त्याचे हप्ते फेडताना कुणाला उंबरा आठवला नाही. आता वर्गणीच्या वेळी मात्र मी एकदम घर झाले होते.

"आठ माणसांत माझा एक वाटा होतो ना?" मी विचारलं.

"असं कसं? मग सप्ताहाला पण माणसामागे काढायचं का?" दादा म्हणाला. वहिनी हसली. धाकटा मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याला हा हिशेब परवडत होता.

मी हो म्हटलं, त्याला एक कारण होतं. ठरलं होतं की प्रत्येक उंबऱ्याने एक गाव निवडायचं आणि त्या गावात काय बघायचं ते त्याने सांगायचं. दादाने रोम घेतलं, धाकट्याच्या बायकोने पॅरिस. माझ्या वाट्याला ॲमस्टरडॅम आलं आणि मला तेच हवं होतं. मला तिथून पुढे जाऊन समुद्र अडवणारा तो मोठा बांध बघायचा होता. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं, आणि मधून चालत जायला रस्ता. नेदरलँड्सचा धडा मी नोकरीभर शिकवला. दर वर्षी फळ्यावर तो बांध काढायचे आणि मुलांना सांगायचे, आपल्याकडे खाडीला खारबांध घालतात ना, तसाच, फक्त फार मोठा. आमची भाताची जमीन खाडीच्या कडेला होती. बांधाला भगदाड पडलं की उंबऱ्यामागे एक माणूस चिखल टाकायला जायचं. आमच्या उंबऱ्याचं माणूस म्हणून बरीच वर्षं मी गेले आहे, कारण दादाची कॉलेजची परीक्षा असायची आणि धाकटा लहान होता. एकदा आम्ही पोचायच्या आत खारं पाणी शेतात शिरलं. पुढे दोन पावसाळे तिथे भात आलं नाही आणि वडील कुणाशी धड बोलले नाहीत. तेव्हापासून बांध ही माझ्यासाठी बघायचीच गोष्ट होती. दुसरं काही नाही दाखवलं तरी चालेल, एवढं दाखवा, असं मी त्या रविवारीच सांगून ठेवलं.

पैसे एका हातात राहावेत, हा दादाचा दुसरा नियम. युरो भरलेलं एक कार्ड त्याच्या नावावर, आणि रोख रक्कम वहिनीने शिवलेल्या कापडी पिशवीत, त्याच्या बनियनच्या आत. "तुझं कार्ड परदेशात चालू करून घेऊ नकोस, उगाच बँक चार्ज लावते," त्याने मला सांगितलं. मी माझा वाटा भरला, दोघा भावांनी एकेकाने भरला तेवढाच, आणि रिकाम्या हाताने विमानात बसले. लग्नघरी खर्च एकाच्या हातात असतो, बाकीचे जेवतात, तसं होईल असं मला वाटलं होतं.

रोममध्ये पहिल्याच सकाळी कळलं की हे लग्नघर नाही. तिथे कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव, खुर्चीवर बसलं तर दुसरा. दादाने आम्हाला उभं केलं. माझे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलवाल्याने शहराचा कर म्हणून माणशी रोज काही युरो रोख मागितले, तेव्हा दादा त्याच्याशी मराठीत भांडला. त्या कराने पिशवी एकदम हलकी झाली आणि तिथून पुढे तो रुपये करायला दर किंमत शंभराने गुणू लागला. पाण्याची बाटली, गुणिले शंभर. आइस्क्रीम, गुणिले शंभर. स्टेशनवर शौचालयाला एक युरो पडतो. तिथे तो आम्हा बायकांना रांगेत उभं करायचा आणि हातावर एकेक नाणं ठेवायचा. पेन्शन खाणारी मी बाई, आणि लघवीला जायचं तर भावाकडे हात पसरायचा. एकदा मला पुन्हा जावंसं वाटलं. तो म्हणाला, "आता तर जाऊन आलीस ना?" रोमच्या त्या स्टेशनवर मला इतका राग आला, की समोर काय ऐतिहासिक आहे ते मी पाहिलंच नाही.

खोल्यांच्या वेळी मात्र मी पुन्हा उंबरा राहिले नाही. दादा-वहिनीला एक खोली, मुलगा-सुनेला एक, धाकट्याला एक. मी धाकट्याच्या खोलीत, त्याच्या मुलीच्या पलंगाला लावलेल्या घडीच्या खाटेवर. "एकटीसाठी वेगळी खोली म्हणजे निव्वळ उधळपट्टी," वहिनी म्हणाली. उधळपट्टी माझ्याच पैशांची झाली असती, पण ते पैसे आता माझे कुठे होते? ते पिशवीत होते.

आणि पिशवीला भोक दादानेच पाडलं. दुकानात कार्ड लावलं की मशीनवर प्रश्न यायचा, पैसे युरोत द्यायचे की रुपयांत? दादा दर वेळी छाती पुढे काढून रुपयांवर बोट ठेवायचा. "आपल्या रुपयांत दिले की फसवणूक नाही. किती गेले ते समोर दिसतं." कार्डात युरो भरलेले होते. म्हणजे युरोचे रुपये व्हायचे, रुपयांचे पुन्हा युरो, आणि दोन्ही वेळा मधला माणूस आपलं काढून घ्यायचा. जेवण, मेट्रो, संग्रहालयाची तिकिटं, पॅरिसला सुनेने घेतलेली अत्तरं, सगळं असंच. मुलाच्या लक्षात आलं ते पॅरिसच्या शेवटच्या दिवशी. कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा, त्याच्याही लक्षात तोवर आलं नव्हतं. दादाने पिशवीतल्या नोटा दोनदा मोजल्या. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता पुढे हात आखडायचा."

पुढे म्हणजे ॲमस्टरडॅम. हात आखडायला माझंच गाव उरलं होतं.

हॉटेलात नाश्ता करताना मी विषय काढला. बांधाला जायचं म्हणजे आधी आगगाडी, मग बस. सगळी माहिती मी घरूनच काढून नेली होती. जाऊन-येऊन माणशी चाळीसेक युरो.

"आठ जणांचे किती होतात?" दादा म्हणाला. "आणि बघायचं काय, तर बांध. बांध काय आपण पाहिला नाय?"

"मी एकटी जाते. एकीचेच दे."

"एकट्यासाठी पिशवीतून निघत नाय. सगळे करतील तेच पिशवीतून, असंच ठरलंय आपलं."

असं कधीच ठरलं नव्हतं. ते त्या टेबलावर, माझ्यासमोर, ब्रेडला लोणी लावता लावता ठरलं. बाकीच्यांना कालव्यातल्या बोटीत बसायचं होतं. मी म्हटलं, "बोटीत मी येणार नाही. मग बोट तरी सगळ्यांची कशी?"

"तू आलीस की होईल सगळ्यांची," दादा म्हणाला, आणि सगळे हसले. तो विनोद करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी भाच्याकडे वळले. त्याच्याकडे स्वतःची दोन कार्डं होती. तो हळू आवाजात म्हणाला, "आत्या, मी दिले असते गं, पण पप्पांना राग येईल. तूच विचार ना त्यांना परत." मी काही परत विचारलं नाही. निवृत्त झालेल्या बाईने भर हॉटेलात भावाला चाळीस युरो दोनदा मागावेत, इतकी लाज मला सोडता आली नाही. आज वाटतं, मागायला हवे होते. ओरडून मागायला हवे होते. ते माझे होते.

ते बोटीवर गेले. मी मध्यवर्ती स्टेशनापर्यंत चालत गेले. बांधाकडे जाणारी गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते बोर्डावर दिसत होतं. आत जायच्या फाटकाला तिकीट लागत होतं, म्हणून बाहेरूनच वाचलं. स्टेशनच्या मागे पाणी आहे, आणि तिथून पलीकडच्या काठाला फेरी जाते. तिला तिकीट नाही. सायकलवाले चढतात, उतरतात, कुणी काही विचारत नाही. मी चढले. पलीकडे गेले, उतरले नाही, परत आले. पुन्हा गेले. त्या सबंध प्रवासात कुणाकडे न मागता मी केलेली ती एकच गोष्ट. पाणी कसं होतं, वारा कसा होता, हे लोक मला विचारतात. मला फक्त आठवतं की मी रडत होते आणि शेजारच्या बाईने सायकल थोडी बाजूला घेऊन मला कठड्यापाशी जागा करून दिली.

परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दादा बोळिंजला आला. चहा घेतला, फ्लॅटला नवा रंग का देत नाहीस म्हणून विचारलं, मग खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कार्डात आणि पिशवीत उरलेलं सगळं रुपयांत करून आणलं होतं. म्हणजे पैसे उरले होते. हात इतका आखडला होता की बऱ्यापैकी उरले होते. माझ्या चाळीस युरोंच्या कितीतरी पट.

"हा तुझा वाटा," तो म्हणाला.

पाकीट फारच पातळ होतं. मी विचारलं, "तिसरा हिस्सा एवढाच?"

"तिसरा नव्हे, आठवा. उरलेले माणसामागे वाटले. ते बरं पडतं. तू एकटी, तुझा खर्चही एकटीचाच झाला ना?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटतं. लबाड माणसाशी भांडता येतं. दादाने मनात हिशेब मांडला होता आणि तो त्याला सरळ दिसत होता.

"भरताना मी घर होते," मी म्हटलं. "खोली देताना माणूससुद्धा नव्हते. आता वाटताना माणूस झाले. वाडीच्या वेळी तर काहीच नव्हते. मला एकदा नीट सांग, मी तुमच्या हिशेबात कोण आहे?"

तो दचकला. वाडीचं नाव इतक्या वर्षांत मी काढलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला, उठला, चपला घातल्या. लिफ्टचं बटण दाबून तो माझ्याकडे वळला, आणि लहानपणी मला समजावायचा त्या आवाजात म्हणाला, "असं काय बोलतेस? तू काय वेगळी आहेस का? आपल्याच घरातली ना तू."

"मग तिसऱ्या उंबऱ्याचे पैसे कुणी भरले?"

"लिफ्ट आली," दादा म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार ओढून घेतलं.