आधी घरातलं बघू

काही बिघडलं की आमच्या बाईंना आनंद व्हायचा. काळजी नाही, वैताग नाही, चक्क आनंद! मिक्सर घरघरला, पंप पाणी ओढेनासा झाला, शेजारची शिलाई मशीन अडली, की बाई पदर खोचून वरच्या मजल्यावरून खाली. "काय म्हणतंय, बघू तरी!" डोळे लकलक करत असायचे. चष्मा मात्र हमखास वरच राहिलेला असायचा.

बाई म्हणजे आमच्या भाडेकरू. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. रत्नागिरीत आमच्या घरात त्या इतकी वर्षं राहिल्या की मालक कोण, असा आईलाच कधीकधी प्रश्न पडे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी घरातलं बघू. बाहेरच्याला शिव्या नंतरही देता येतात." नळाला पाणी नाही म्हणून आम्ही नगरपालिकेचा उद्धार करत असायचो, तोवर बाई मागच्या दारी जाऊन आमचाच बंद राहिलेला कॉक उघडून आलेल्या असत.

घाबरायच्या त्या फक्त विजेला. दसऱ्यानंतरच्या पावसात भाट्याच्या खाडीकडे गडगडलं की आमच्याकडे आधी वायरी काढतात, मग दोरीवरचे कपडे. बाई तर दोन्ही मजल्यांवरच्या वायरी उपटत. त्यांचा एक टीव्ही विजेनं खाल्ला होता. "वरच्या तुमच्या ठीक आहेत, खालच्या कशाला काढता?" असं आईनं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वीज काय मालक-भाडेकरू बघून पडते होय?"

एका वर्षी पुण्यातली नोकरी गेल्यामुळे मी घरी बसून होते. अर्ज पाठवून पाठवून जीव विटला होता. शेवटी एका ठिकाणी मुलाखत ठरली, दुपारी, व्हिडिओ कॉलवर. सकाळी आभाळ कडाडलं. बाईंनी रीतीप्रमाणे सगळ्या वायरी काढल्या आणि निवळल्यावर परत लावल्या. दुपारी मुलाखतीच्या थोडं आधी मी लॅपटॉप उघडला, तर वायफायच्या रेघा भरभरून आणि इंटरनेटचा पत्ता नाही! मोबाइलची रेंज सकाळच्या दणक्यातच गेली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आई देवापुढे गाऱ्हाणं घालायला बसली आणि देवाशी बोलता बोलता मध्येच केबलवाल्यालाही झोडपू लागली.

बाई आल्या त्या हात चोळतच. "रेघा दिसतायत ना? मग तू एसटी स्टँडवर पोचलीस गो! गाडी का सुटत नाही, तेवढंच शोधायचं."

"बाई, माझी मुलाखत आहे!"

"म्हणून तर पटापट शोधू. फोनवर वायफायचं पण तसंच? मग लॅपटॉप निर्दोष."

राउटर बंद करून चालू केला. ढिम्म. मग बाईंनी खिडकीतून येणाऱ्या वायरीचा माग काढला. "ही बाहेरून आली, ह्या पांढऱ्या डब्यात शिरली. डब्याचा दिवा हिरवा. म्हणजे केबलवाला सुटला! आता डब्यापासून राउटरपर्यंत हातभर वायर. चोर ह्या हातभरातच आहे गो!"

मलाही चेव चढला. रडायचं विसरून मी धावत वर गेले आणि त्यांचा चष्मा आणला. बाईंनी राउटर फिरवला. मागे ओळीनं पिवळ्या खाचा आणि शेजारी एकटी निळी. डब्याची वायर निळीत हवी, ती बसली होती पिवळीत.

बाईंनी जोरात टाळी वाजवली. "सापडला! अगो, चोर मीच! सकाळी चष्म्याशिवाय लावली मेली!" स्वतःची चूक सापडल्यावर लॉटरी लागल्यासारखं ओरडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांनी वायर निळ्या खाचेत दाबली, खट्ट झालं, दिवा लुकलुकला आणि आम्ही दोघी किंचाळलो.

आतून आई म्हणाली, "पावला गो, देव पावला!"

"पावला, पावला," बाई म्हणाल्या. "नारळ माझ्याकडून."

मुलाखत वेळेवर झाली. नोकरीही लागली.

आता मी बंगळुरूला असते, काम बरंचसं घरूनच. काही अडलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि माझ्या तोंडून आपसूक निघतं, आधी घरातलं बघू. बाई दापोलीला मुलाकडे राहायला गेल्या. वरचा मजला आईनं पुन्हा भाड्यानं दिलेला नाही. मला अजून त्यांची फार आठवण येते.

परवा भर मीटिंगमध्ये त्यांचा फोन आला. आवाज तसाच, घाईतला. "हिते कडाडतंय गो! तू वायर काढलीस का?"

माझ्या खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"काढते, बाई," म्हटलं. मीटिंगमधले लोक बोलतच होते. मी उठले आणि राउटरची वायर काढली.